सावली मोजून दाखव

मी पोलंडमध्ये एका लाँड्रीत काम करतो. शहरातल्या हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक चादर झटकावी लागते, आणि झटकली की त्यातून काहीतरी पडतं. मोजा, चष्मा, कोणाचं तरी कानातलं. एकदा दातांची कवळी पडली. ते सगळं एका बादलीत ठेवायचं आणि कोणी मागायला आलं तर द्यायचं. कवळी मागायला अजून कोणी आलेलं नाही.

किश्शांचं तसंच आहे. मी काही ते गोळा करायला इकडे आलो नव्हतो. पण दिवस झटकला की एखादा पडतोच. सव्वा वर्षात बादली भरली, म्हणून आज जरा रिकामी करतो.

*

आधी एक किस्सा इथला नाही, बुलढाण्याचा. तो सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाहीत.

माझं गाव धाड. बाबा गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात युरोपचा एक कापडी नकाशा होता, त्यात युगोस्लाव्हिया अजूनही एकच देश होता. तीस वर्षं बाबांनी त्या नकाशावर काठी फिरवली आणि त्याच काठीनं आम्हाला फोडून काढलं. स्वतः कधी नागपूरच्या पुढे गेले नाहीत. मुलाला इंजिनिअर करायचं हेही त्यांनी असंच काठीनं दाखवून ठरवलं होतं.

मी तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि घरी सांगितलं नाही. वर्षभर रोज आईनं दिलेला डबा घेऊन एसटीनं बुलढाण्याला जायचो आणि एका ड्रायक्लीनरच्या दुकानात बसायचो. तिथं इस्त्री शिकलो, डाग काढायला शिकलो. कॉलेजात तीन वर्षांत जेवढं शिकलो नाही तेवढं तिथं तीन महिन्यांत शिकलो.

एक दिवस दुकानात बाबा आले. कुठल्याशा सत्काराला जायचं होतं म्हणून कोट घेऊन आले होते. काउंटरवर मी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी कोट काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "कधी मिळेल?"

मी पावती फाडली. म्हणालो, "गुरुवारी."

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. त्याला दोन वर्षं झाली. कोट न्यायला ते आलेच नाहीत, शेवटी मीच इस्त्री करून घरी नेला.

*

त्यामुळे आता फोन आईला करायचा. आई स्पीकर लावते. बाबा त्याच खोलीत पेपर उघडून बसलेले असतात. पान उलटल्याचा आवाज येत असला की समजायचं, वाचताहेत. आवाज थांबला की समजायचं, ऐकताहेत.

मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात इथला रस्ता ओलांडायला पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभा होतो. एक मोटार आली आणि माझ्यासमोर थांबली. रस्त्यावर दुसरं कोणी नाही. आत एक टाय लावलेला माणूस माझ्याकडे बघतोय. धाडच्या स्टँडवर गाडी अशी जवळ येऊन थांबली तर तिचा एकच अर्थ असतो, पत्ता विचारायचाय. मी गाडीजवळ गेलो, खिडकीशी वाकलो आणि म्हणालो, "येस सर?"

त्यानं काच खाली केली. माझ्याकडे बघितलं, समोरच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि हातानं 'जा' म्हणून दाखवलं. मला वाटलं, पत्ता दुसऱ्याला विचारणार असेल. मी मागे सरकून फुटपाथवर उभा राहिलो. तो थांबलेलाच. मी त्याला 'तुम्ही जा' केलं, त्यानं मला 'तुम्ही जा' केलं. त्याच्यामागे चार गाड्या जमल्या. एकानंही हॉर्न वाजवला नाही, त्यामुळे मला आणखी भीती वाटली.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. पेपरचा आवाज थांबलेला. मग मागून काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं आणि आई म्हणाली, "हे विचारतेत, गाड्या रस्त्याच्या कोणत्या अंगानं चालतेत?"

"उजव्या. त्याहिले म्हणा, स्वतः विचारा."

पान उलटलं.

*

माझ्यासोबत खोलीत सलीम राहतो. तोही धाडचाच. त्याचे वडील गवंडी, तो फरशी बसवतो, हात असा की दोन टाइल्समधली फट नखाला लागत नाही. शाळेत माझ्याच बाकावर होता, म्हणजे बाबांचा मार त्यानंही खाल्लेला आहे.

सलीम पहिल्यांदा ट्राममध्ये बसला तेव्हा त्याला वाटलं काहीतरी वाईट घडलंय. डबा भरलेला आणि आवाज शून्य. कोणी पुस्तक वाचतंय, कोणी खिडकीबाहेर बघतंय. दोन कुत्री होती, तीही गप्प. सलीम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काऊन बे, यायच्या घरी गमी झाली का?"

"नाही बे. हे असेच असतेत."

"सगळेच?"

तेवढ्यात त्याच्या अम्मीचा फोन आला. सलीमचं घर शेताला लागून, अम्मीला कमी ऐकू येतं. तो जे बोलू लागला ते शेवटच्या डब्यापर्यंत गेलं असणार. बकरीला काय झालं, कोणता पाला खाल्ला, शेण कसं पडलं, रंग कोणता. सात स्टॉप बकरी चालली. उतरताना एक म्हातारी त्याच्याकडे बघून हलकंसं हसली. सलीम म्हणाला, "पाह्य, माणसं चांगली हायेत. कोणी बोलाले नाही ना, म्हणून असे झाले."

आईमार्फत प्रश्न आला, "हे विचारतेत, ट्रामच्या वर तार असते का?"

*

आमच्या खालच्या मजल्यावर हेलेनाबाई राहतात. पंच्याहत्तरीच्या असाव्यात. चेहरा असा की आपण काही केलेलं नसलं तरी माफी मागावीशी वाटते.

इथं कचऱ्याला पाच डबे आहेत. कागद वेगळा, काच वेगळी, प्लास्टिक वेगळं, ओला वेगळा, आणि यातलं काहीच नसेल तो वेगळा. आम्ही दोघांनी पहिला महिना सगळं एका पिशवीत बांधून जो डबा रिकामा दिसेल त्यात टाकलं. एके दिवशी दार वाजलं. बाहेर हेलेनाबाई, हातात आमची पिशवी. आमचीच कशावरून, तर आत चहापत्तीचं पाकीट होतं आणि त्यावर देवनागरी.

त्यांनी काही न बोलता जिन्यात जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि आमचा कचरा एकेक करून मांडला. मग त्या एका वस्तूकडे बोट दाखवायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. आम्ही डब्याचा रंग सांगायचा. चुकलं की मान हलवायच्या आणि परत त्याच वस्तूवर बोट. सलीम म्हणाला, "सर आठवले बे." मलाही आठवले.

गावात आमच्या शेजारचे बबनकाका आमच्या घराच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ असतात. हे ऐकून ते फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, "कचऱ्याले एवढा मान? मंग माणसाले काय देतेत?" हे बबनकाका शेगावला गेले की मंदिराच्या आवारात प्रसादाचा द्रोणसुद्धा कपाळाला लावून डब्यात टाकतात. तिथं ओळ मोडत नाहीत, थुंकत नाहीत, आवाज चढवत नाहीत. आणि बाहेर पडून चपला पायात घातल्या की पहिली पिचकारी गेटाबाहेरच्या भिंतीवर. शिस्त येत नाही असं नाही हो. मोठ्या माणसांनी ती देवापुरती ठेवलीय.

त्या दिवशी मागून प्रश्न आला तो असा, "तिथली माती काळी हाये का?" कचऱ्याचा आणि मातीचा काय संबंध, देव जाणे. पण सुट्टीच्या दिवशी मी शहराबाहेर जाऊन शेताच्या बांधावरचं ढेकूळ उकरून पाहिलं. काळी होती. फोटो पाठवला. 

*

ईदला सलीमनं शीरखुर्मा केला. एक वाडगं भरून हेलेनाबाईंकडे नेलं. त्यांनी साखळी न काढता दार उघडलं. सलीमनं फटीतून वाडगं दाखवलं, ते त्या फटीतून जाईना. शेवटी साखळी निघाली. वाडगं आत गेलं, दार बंद.

दुसऱ्या दिवशी वाडगं आमच्या दाराबाहेर. लख्ख धुतलेलं आणि रिकामं.

सलीमनं ते उलटसुलट करून पाहिलं. "खाली बर्तन देल्लं बे," तो म्हणाला. आमच्याकडे शेजारून आलेलं भांडं कोणी रिकामं परत देत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. त्याला वाटलं, बाईनं तोंडावर सांगितलं की संबंध नको. तीन दिवस तो जिन्यात त्यांच्याकडे बघेना.

चौथ्या दिवशी मी फोनवरच्या भाषांतरात लिहिलं, 'आमच्या गावात भांडं रिकामं परत देत नाहीत,' आणि जाऊन त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. माझ्या हातातून फोन घेऊन पुन्हा वाचलं. मग हात पुढे केला. मी वर पळालो, वाडगं आणून दिलं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या. वाडग्यात तीन उकडलेली अंडी होती.

पुढच्या आठवड्यात त्याच वाडग्यातून केक आला, आत खसखशीचा जाड थर. सलीमनं वाडग्यात खजूर भरून परत केलं. ते वाडगं आता जिन्यातच राहतं म्हणा ना.

"हे विचारतेत," आई म्हणाली, "तिकडं खसखस पिकते का?"

"पिकते."

"कोण्या महिन्यात?"

आता मला काय माहीत? पण मी हेलेनाबाईंना विचारून सांगितलं.

*

आता मुद्द्याचं.

गेल्या उन्हाळ्यात मी सकाळी साडेपाचला ट्रामच्या स्टॉपवरून आईला व्हिडिओ कॉल लावला. गावात तेव्हा नऊ वाजलेले. माझ्यामागे चांगलं ऊन पडलेलं. बबनकाका ओट्यावर होतेच. म्हणाले, "तिथं किती वाजले रे?"

"साडेपाच."

"साडेपाचले एवढं ऊन? काऊन बे, आमाले येडं समजतं का?"

आमच्याच भागातला एकजण दुबईला म्हणून गेला होता आणि सुरतेत साडीच्या दुकानात सापडला होता. बबनकाकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. आठवड्यात गावभर झालं, मास्तरांचा पोरगा सुरतेत चादरी धुतो. मी थंडीत बर्फाचे फोटो पाठवले. काका म्हणाले, "बरफ तं काश्मिरातबी असते." ट्रामचा फोटो पाठवला. "फोटो आजकाल कोणीबी बनवते."

बबनकाकांच्या अकलेबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती जेवढी आहे तेवढीच आहे. पण बाबांना तर माहीत होतं. उन्हाळ्यात उत्तरेला दिवस मोठा असतो, हे तीस वर्षं फळ्यावर कोण लिहीत होतं? एक वाक्य बोलले असते तर गाव गप्प झालं असतं. ते पेपर धरून बसले. मी आईला म्हणालो, "त्याहिले म्हणा, काकाले सांगा ना खरं काय ते."

आई हळूच म्हणाली, "तू वर्षभर डबा घेऊन जात होता बाबू. मी रोज सकाळी उठून तो डबा करत होती."



*

यंदा मे महिन्यात आईचा फोन आला. एरवी फोन मी करतो. म्हणाली, "हे म्हणतेत, त्याले म्हणा सावली मोजून दाखव."

मला लगेच कळलं. मे महिन्याच्या शेवटाकडे आमच्या गावात एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेला सुट्टी असायची, तरी बाबा त्या दिवशी पोरांना घरून बोलवून आणायचे आणि शाळेच्या पटांगणात काठी रोवून उभं करायचे. पायात चपला नसलेली पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायची. सलीम त्यातला एक. सुट्टीतही ज्याला पोरं सोडवत नाहीत अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

"हे म्हणतेत, त्या दिवशी आपल्याइकडं सावली नसते," आई शब्द जपून सांगत होती, पाठ केल्यासारखी. "त्याच्याइकडं मीटरभर काठीची जेवढी पडंल, तेवढा तो आपल्यापासून लांब. फोटो नको म्हणतेत. सावली खोटी बोलत नाही."

तो दिवस शनिवारी आला. जेवणाच्या सुट्टीत मी लाँड्रीच्या आवारात गेलो, फरशी पुसायच्या दांड्यावर मीटरभर मापून खूण केली, एका हातानं तो उभा धरला आणि बरोबर बाराच्या ठोक्याला दुसऱ्या हातानं टेप लावला. त्रेसष्ट सेंटिमीटर. आईला कळवलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज पडलेला. "हे म्हणतेत, हिशेब बसत नाही. तू जे गाव सांगतं, ते एकावन्न अक्षांशावर हाये. तुझी सावली साडेबावन्नाची. म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर फरक. म्हणतेत, तिथंबी तो सांगतो तिथं नाही."

माझं डोकं फिरलं. मी आईवर ओरडलो, म्हणजे स्पीकरवर. नागपूरच्या पुढे न गेलेल्या माणसानं मी कुठं उभा आहे ते मला सांगू नये, असं काय काय बोललो. युगोस्लाव्हियाचंही बोललो. पेपरचा आवाज येत नव्हता. सगळं ऐकलं त्यांनी.

मी थकल्यावर आई म्हणाली, "मी एक विचारू? हे शाळेत पोराइले किती येळ उभं करत?"

"अर्धा-पाऊण तास. काऊन?"

"मी पाण्याची घागर घेऊन येत होती तिथं. हे सारख्या खुणा करत, सावली बारकी होत होत थांबेपावतर. मंग मोजत. घड्याळाकडं पाहत नव्हते." मग म्हणाली, "तू एकदाच मोजली का?"

*

एका दिवसानं सावलीत फारसा फरक पडत नाही, म्हणून रविवारी आमच्या बिल्डिंगच्या अंगणात सलीम आणि मी उतरलो. सलीमनं त्याचा ओळंबा आणला होता, दोरीला बांधलेलं पितळी वजन. त्याच्या वडिलांचा आहे, इकडे येताना कपड्यांच्या आधी त्यानं तो बॅगेत ठेवला होता. दांडा बरोबर मीटरभर कापला. बारा वाजता पहिली खूण केली. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलीची रेघ. अडचण एवढीच की सलीम ओळंबा धरणार, मी रेघा मारणार, मग दांडा कोण धरणार? तो हलत होता.

रविवारी इथं खिळा ठोकलेलाही चालत नाही. वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि दोन मिनिटांत हेलेनाबाई खाली. मला वाटलं, झालं. मी फोनवर लिहिलं, 'माझ्या वडिलांचा विश्वास नाही की मी या शहरात आहे. सावली मोजून दाखवायची आहे.'

त्यांनी वाचलं. ओळंब्याकडे बघितलं, जमिनीवरच्या रेघांकडे बघितलं. मला बाजूला केलं आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

पाऊण तास धरला. खुर्ची आणून देतो म्हटलं तर मान हलवली, नको. ऊन चेहऱ्यावर येत होतं, डोळे बारीक केले पण हात हलवला नाही. रेघा जवळजवळ येत गेल्या. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे खरी दुपार बारा पन्नासच्या सुमाराला झाली आणि दोन रेघा एकमेकींवर आल्या. पुढची पाच मिनिटं आम्ही तिघं जमिनीकडे बघत होतो.

"वाढली बे," सलीम म्हणाला. "आता परत वाढून राह्यली."

सगळ्यात आखूड रेघ मोजली. एकोणसाठ. मी आईला आकडा पाठवला. फोटो नको म्हणाले होते, तरी एक पाठवला. दांडा, ओळंबा, रेघा आणि हेलेनाबाई.

गावात साडेचार वाजले असतील. पंधरा मिनिटं गेली. सलीम रेघा पुसायला पाणी आणायला निघाला होता, हेलेनाबाई अजून तिथंच, हात चोळत. फोन वाजला. स्क्रीनवर बाबांचा नंबर. त्यांच्या नंबरवरून मला दोन वर्षांत फोन आला नव्हता.

"एकावन्न," ते म्हणाले.

"हो."

मागून ओट्यावरच्या चिमण्यांचा आवाज येत होता.

"फोटोत ती बाई कोण आहे?"

"शेजारीण. हेलेनाबाई. खसखशीचं त्यांनीच सांगितलं होतं."

"काठी सरळ धरली तिनं."

"हो."

"मास्तरीण होती का?"

"माहीत नाही."

"मग विचार की," बाबा म्हणाले. "मी थांबतो."